वाटणीचा खड्डा

आमच्या खतखड्ड्यातून निघणारी वाफ एका हिवाळ्यात थेट निडी स्टेशनातून दिसायची. मी म्हणतो म्हणून नाही, गाडीतून उतरलेल्या माणसांनी मला स्वतः विचारलं आहे, "गावात नवी कंपनी आली काय हो?" आता आमचं घर स्टेशनापासून दोन वळणं पुढे, टेकाडाच्या मागे आहे. मग टेकाड ओलांडून वाफ कशी दिसायची, असं एखादा खवचट विचारेल. त्याला सांगतो, वाफ वर जाते. शाळेत शिकवतात.

त्याच हिवाळ्यात आमचं घर वेगळं व्हायचं ठरलं होतं. दोन भाऊ, दोन चुली. आणि चूल कधी वेगळी करायची, हे त्या खड्ड्याच्या पोटात काय चाललंय त्यावर होतं. म्हणून ही खड्ड्याची हकिगत. नाक धरून वाचायची गरज नाही. चांगल्या खताला वास येत नाही. वाईट खताला येतो, पण ते प्रकरण जरा पुढे आहे.

घरात कायमची माणसं चार. दादा शेती बघतो: पावसाळ्यात भात आणि भात निघाला की त्याच ओलीवर वाल. वहिनी दादाला बघते. मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. माझी बायको पेणची, गणपतीच्या कारखानेवाल्यांच्या घरातली, म्हणजे नाकडोळ्यांची पारख तिला जन्मापासून. तिने मला पसंत कसं केलं हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बहुतेक रंगकाम बाकी आहे असं समजली असावी. पोरं शिकायला बाहेर असतात आणि घरी फक्त जेवायला येतात.

आता विघटन. कंपनीत हा शब्द ड्रमवर छापलेला असतो. अमुक तापमानाच्या वर गेल्यास पदार्थाचं विघटन होतं, सबब सावलीत ठेवा. तिथे विघटन म्हणजे धास्ती. ते झालं की भोंगा वाजतो, साहेब पळतो, आणि साहेब कुठल्या दिशेला पळाला ते बघून आम्ही पळतो, कारण वारा कुठून आहे हे त्यालाच आधी कळतं. शाळेच्या पुस्तकात हेच विघटन किती शहाण्यासारखं वागतं! वाळलेलं पान, त्यावर जिवाणू, मग बुरशी, मग माती, पुन्हा झाड, आणि सगळ्यांभोवती गोल फिरणारे बाण. रविवारच्या पेपरात एखादा प्राध्यापक एकत्र कुटुंबाचं विघटन झालं म्हणून हळहळतो. तिथे भोंगाही नाही आणि बाणही नाहीत.

आमच्या स्वयंपाकघरात मात्र या शब्दाला प्रवेश नव्हता. आला असता तर वहिनीने उंबऱ्यावरच अडवून विचारलं असतं, "नक्की काय झालंय तुला?" कारण तिच्या राज्यात दूध नासतं, भाजी उतरते, आमटी विटते, भात आंबतो, तेल खवट होतं, पिठाला कीड लागते, आंबा सडतो, लाकूड कुजतं, लुगडं विरतं आणि नवरा बिघडतो. एकाचं दुसऱ्याला लावलेलं चालत नाही. मी एकदा चुकून "भाजी कुजली" म्हणालो, तर कितीतरी दिवस मला कुणी भाजी वाढली नाही. "खताला कुजलं म्हणतात भावोजी, आमच्या हातच्या भाजीला नाय."

भांडण झालं ते बिरड्यावरून.

वालाचं बिरडं ज्यांनी फक्त खाल्लंय त्यांना ते काय प्रकरण आहे हे कळणार नाही. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. एका पातेल्याचं बिरडं सोलेपर्यंत पेणला एक गणपती घडून, वाळून, रंगून गाडीत चढतो. त्या दिवशी माझी सासू आणि मेहुणा यायचे होते म्हणून बायकोने पहाटे उठून, एकटीने, कुणाला हात लावू न देता ते सोललं. नारळाचं वाटण सढळ हाताने घातलं. जेवायला येणार होती ती मंडळी वडखळला अडकली. वडखळच्या नाक्यावर अडकलेल्या गाड्यांत सोयरिकी जुळल्याचं मी ऐकलंय; सासू आणि मेहुणा कुणाचं लग्न न ठरवता नुसते आले, तरी दुपार टळून गेली होती.

वहिनीने ताटं मांडायच्या आधी पातेल्यावरचं झाकण उचललं, वास घेतला आणि म्हणाली, "विटलंय."

"कुठं विटलंय? सकाळचं हाय," बायको म्हणाली.

"नारळ हाय गो त्यात. पाहुण्यांच्या पोटात दुखलं तर नाव कुनाचं जाईल?"

"ताई, मी सोललंय ते. एकेक दाणा मला वळखतो."

"दाणा वळखत आसंल. वाटण नाय वळखत."

सासूबाई तोवर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. चेहऱ्यावर भाव असा की आपण काहीच ऐकलेलं नाही, पण एक शब्द विसरणार नाही. वहिनी माझ्याकडे वळली. "भावोजी, तुमी लॅबवाले. घ्या वास आणि काय ते सांगा."

मी तिसऱ्या शिफ्टची झोप काढून नुकताच उठलो होतो. शिवाय इतकी वर्षं कंपनीत काढल्यावर माझं नाक आता चष्मा ठेवण्यापुरतंच उरलं आहे. तरी पातेल्यावर वाकलो, डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला. काही म्हणजे काही कळलं नाही. मान वर केली तर डावीकडे बायको, उजवीकडे वहिनी, समोर सासू. मी गंभीर आवाजात म्हणालो, "नमुना अपुरा आहे. जरा थांबून पुन्हा बघू."

लॅबमध्ये या वाक्याला मान आहे. साहेबसुद्धा मान डोलावतो. घरी वहिनीने फडक्यात धरून पातेलं उचललं, मागच्या दाराने बाहेर गेली आणि पाहुण्यांच्या देखत अख्खं बिरडं खतखड्ड्यात ओतलं.

सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, "आमच्याकडं कावळ्याला वाढताना पन पान मांडतात."

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. दिवेलागणीपर्यंत पहिल्या वाटलेल्या नारळापासूनचं सगळं निघालं. बायको म्हणाली, मला यांच्या नाकाखाली संसार करायचा नाय. वहिनी म्हणाली, माझं नाक मी काय खुंटीला टांगू? दादा आठवड्यातून एक वाक्य बोलणारा माणूस. त्या आठवड्याचं वाक्य त्याने तिथे वापरलं: "मग वेगळं व्हा." मीही भडकलेला. "होऊ," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे तात्या आले. गावातल्या झाडून सगळ्या वाटण्या तात्यांनी केलेल्या. त्यांची छत्री उन्हात उघडी, सावलीत उघडी, घरात आले तरी पडवीत उघडी. लग्नाला नाही बोलावलं तरी चालतं, पण वाटणीला तात्या लागतातच, कारण त्यांनी पाडलेल्या रेघेवर पुढे कुणी भांडत नाही. न्याहारीच्या आत त्यांनी खोल्या वाटल्या, शेत वाटलं, दोन गाईंतली एक इकडे, एक तिकडे केली. म्हैस दोघांत ठेवली, कारण ती वहिनीशिवाय कुणाला हात लावू देत नाही आणि माझ्या बायकोशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. मग मागच्या दारी आले आणि खड्ड्यापाशी थांबले.

"ह्यो कधीचा?"

"दिवाळीपासूनचा," दादा म्हणाला.

तात्यांनी छत्री मिटली नाही, उघडीच तिरकी करून तिचं टोक खड्ड्यात खुपसलं, बाहेर काढून बघितलं. त्याला शेण होतं, हिरवा पाला होता आणि कालच्या बिरड्याचा एक दाणा होता. "कच्चं हाय. मग आज काय व्हत नाय."

"म्हणजे?"

"म्हंजे वाटणी थांबली. कच्च्या खतावर चूल फुटत नाय."

ही आमच्या गावची रीत. इथे सगळं वाटता येतं, कच्चं खत वाटता येत नाही. दोन्ही भावांच्या गाईंचं शेण, दोन्ही जावांच्या हातची टरफलं त्यात मिसळलेली. कच्चं खत शेतात पडलं की तण माजतं, मुळं खाणारी हुमणी लागते, आणि मग ज्याचं पीक जातं तो जन्मभर म्हणतो की मला वाईट अर्धं दिलं. म्हणून आधी खत पिकू द्यायचं, ते पाटीपाटीने दोघांत वाटायचं, आणि खड्डा मोकळा झाला त्या दिवशी दुसरी चूल पेटवायची. चूल म्हणजे आता गॅस, पण म्हणायचं चूलच.

"अक्षय तृतीयेला येतो. तवर एकाच चुलीवर खा," तात्या म्हणाले.

बायको आणि वहिनी यांनी एकमेकींकडे न बघता एकमेकींकडे बघितलं.

मला गप्प बसवेना. "अक्षय तृतीया कशाला? तात्या, हे माझं खातं आहे. विघटन! होळीच्या आत पिकवून देतो."

"कर बाबा," तात्या म्हणाले. "कंपनीची लाज राख."

मी कामाला लागलो. ताक, गूळ, बेसन, गोमूत्र असं कालवून बादलीत आंबवलं आणि खड्ड्यावर शिंपडलं. जिवाणूंना खायला गोड, राहायला ओलावा आणि श्वासाला हवा लागते. तिन्ही मिळालं की ते कामगारांसारखे संपावर जात नाहीत. हवा मिळावी म्हणून खत खालीवर करावं लागतं. ते एकट्याचं काम नाही. दर सुट्टीच्या दिवशी दादा फावडं घेऊन एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

आणि खड्डा पेटला! आग नाही, ताप. हात घातला की चटका बसायचा. गावातली मांजरं थंडीत पाय शेकायला यायची. त्यांत नागोठण्याची दोन होती, चेहऱ्यावरूनच कळत होतं. वहिनीने आंघोळीच्या पाण्याची कळशी खतात पुरून ठेवायला सुरुवात केली. मी तर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, पुन्हा पाला, तोंड बंद करून मडकं उलटं खतात. दुनियेत पहिली बिनजाळाची पोपटी. संध्याकाळी मडकं काढलं, दादाने एक शेंग तोंडात टाकली.

"नाय शिजली."

"शिजलीय. जरा दातांना काम आहे एवढंच."

"मग तू खा."

मी हट्टाने अर्धं मडकं खाल्लं. दादा ते बघत बसला, मग उठला, पेंढा आणला, लाकडं आणली, उरलेलं मडकं मांडून रीतसर जाळ केला. शेकत बसलो दोघं. त्या दिवशी दादा एका बैठकीत इतकं बोलला की त्याची वर्षभराची वाक्यं संपली असतील. शेंगा सोलता सोलता त्याने विचारलं, "वेगळं झाल्यावर तुझा चहा?"

हे सांगायला हवं. मी तिसऱ्या शिफ्टहून सकाळी घरी येतो तेव्हा पडवीत कठड्यावर एक कप असतो, त्यावर बशी उपडी घातलेली. दादा शेतावर जायच्या आधी स्वतः चहा करतो, माझा झाकून ठेवतो आणि जातो. मी आलो की तो नसतो, तो आला की मी झोपलेला असतो. आम्ही दोघं भाऊ गेली कित्येक वर्षं त्या बशीवरूनच एकमेकांना भेटतोय. चूल वेगळी झाली की कप कोणत्या पडवीत ठेवायचा, हे तात्यांच्या वाटणीत आलं नव्हतं.

"बघू," मी म्हणालो.

"बघू," दादा म्हणाला.

आणि नेमका इथूनच माझा घात झाला. खत पिकायला लागलं. महाशिवरात्रीच्या सुमाराला कडेचा थर काळाभोर, भुसभुशीत, हातात घेतला तर पहिल्या नांगरटीच्या ढेकळासारखा वास. कंपनीत इतकी वर्षं कामं केली, त्यातलं एकही इतकं बिनचूक झालं नव्हतं. नको तेव्हा यश आलं की माणसाचं तोंड कसं होतं ते बघायचं असेल तर त्या आठवड्यातला माझा फोटो बघावा. नशिबाने काढलेला नाही.

तात्या कुंपणावरून विचारायचे, "होळी आली रं कंपनीवाल्या! पिकलं काय?"

"पिकतंय तात्या, पिकतंय."

"मग तोंड का आंबलंय?"

त्यानंतरच्या सुट्टीला खड्ड्यापाशी गेलो तर मांजरं गायब. हात घातला, गार. आणि वास! नाक नसलेल्या मला आला म्हणजे काय असेल ते समजा. रोह्याच्या गाडीने आमच्या बाजूला वळताना शिट्टी वाजवायचं सोडून दिलं होतं. ड्रायव्हर तोंड उघडायला तयार नव्हता. खड्ड्यात पाण्याचं डबकं झालं होतं. हवा खेळती असली की खत कुजतं, हवा कोंडली की तेच सडतं. पाण्याने सगळी हवा कोंडून टाकली होती.

"दादा, पाणी घातलंस?"

"घातलं थोडं."

"थोडं? म्हैस पोहेल त्यात."

दादाने शांतपणे तंबाखू चोळली. "ताप आला होता तुझ्या खताला. उतरवला."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने टेकाडाकडे बघितलं. सडलेल्यावर उपाय मला पाठ आहे: उपसा, पाणी निथळू द्या, खालीवर करा, हवा द्या. पण त्या दिवशी माझी पाठ फार दुखत होती. पुढच्या सुट्टीलाही दुखली. कंपनीतल्या डॉक्टरला विचारायला पाहिजे होतं.

मध्येच एक दिवस मी शिफ्टहून परतताना निडीला उतरलो तर समोरून आलेल्या पेणच्या गाडीतून बायको उतरली. माहेरी दोन दिवस राहून येत होती. डोक्यावर ही मोठी गोणी.

"काय आणलंस?"

"पापड," ती म्हणाली. "पेणचे. पोह्याचे."

गोणी मी डोक्यावर घेतली. पापडांची म्हणून मान ताठ केली, तर इतकी हलकी की मी अर्ध्या वाटेत तिच्यासकट उडतो की काय असं वाटलं. गोणीच्या फटीतून नारळाच्या सोडणाचा तपकिरी काथ्या लोंबत होता. नारळाचं सोडण कुजायला जो वेळ लागतो तेवढ्या वेळात सरकारी रस्ता पूर्ण होतो. माहेरच्या सगळ्या आळीतली सोडणं तिने गोळा केलेली दिसत होती. मी म्हटलं, "यंदा पापडांना केस आलेत."

"जातच तशी हाय," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

संध्याकाळी ताटात पापड नव्हता. मी विचारलं नाही.

आणि वहिनी! दोन दिवसांनी खांब गावच्या भातगिरणीवरून टेम्पो आला. त्यातून तुसाच्या गोण्या उतरल्या. भाताचं तूस म्हणजे काय चीज आहे हे मला विचारा. त्याच्या अंगात वाळूचा अंश असतो, जिवाणू त्याला तोंड लावायला धजत नाहीत.

"वहिनी, एवढं तूस कशाला?"

"राखुंडी करायची हाय. दात घासायला."

"एवढी? आपल्या घरात दात किती, वहिनी?"

"बोलता किती, भावोजी! दात झिजतात त्यानं. लागंल तुमालाच."

त्या तुसाची राखुंडी केली असती तर गावातल्या माणसांचेच काय, सह्याद्रीतल्या समस्त वाघांचे दात स्वच्छ झाले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टहून आलो, पडवीत बसून बशीखालचा चहा पीत होतो. वहिनी पाटी घेऊन मागच्या दाराने खड्ड्याकडे गेली. ती परतते न परतते तोच बायको दुसऱ्या बाजूने पाटी घेऊन निघाली. एकीला दुसरीचा पत्ता नाही. दोघींचं बोलणं अजून मीठ दे, झाकण दे एवढ्यावरच होतं. मी चहा सावकाश प्यायलो. इतका सावकाश चहा मी कधी प्यायलो नाही.

होळी गेली. तात्यांनी होळीभोवती सगळ्या गावासमोर माझ्या नावाने एक खणखणीत बोंब ठोकली, ती मी हक्काची समजून घेतली. आणि अक्षय तृतीया आली.

तात्या छत्री घेऊन, नवं धोतर नेसून आले. खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकली. वाटणीच्या पाट्या धुऊन ठेवल्या होत्या, एक दादाची, एक माझी. आतल्या खोलीत नवी शेगडी खोक्यासकट तयार होती. बायको आणि वहिनी दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. त्या दिवशी दोघींपैकी कुणीच भांडत नव्हतं आणि त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

"काढा," तात्या म्हणाले.

दादाने पहिलं फावडं मारलं. पचक् असा आवाज झाला, वास उठला, तात्यांनी छत्री नाकासमोर धरली. मी दुसरं मारलं, तर तुसाचा ढग उडाला आणि तात्यांच्या नव्या धोतरावर बसला. आणखी खाली गेलो तर सोडणं. नुसती सोडणं! आदल्या दिवशी नारळावरून काढल्यासारखी, टवटवीत. पेणच्या समस्त नारळांनी आमच्या खड्ड्यात सभा भरवली होती.

तात्यांनी एक सोडण छत्रीच्या टोकावर उचललं. "हे कुनाचं?"

दादा पाण्याच्या बादलीकडे बघायचं टाळत होता. बायको आभाळ बघत होती. मग वहिनीला ते सोडण नीट दिसलं. तिने बायकोकडे बघितलं. बायकोने तात्यांच्या धोतरावरचं तूस बघितलं आणि वहिनीकडे बघितलं.

"गो धाकटे," वहिनी म्हणाली, "ह्ये तुझं?"

"आणि ते राखुंडीचं तुमचं, ताई?"

"तू पापड म्हनालीस ना गो!"

"तुमी दात म्हनालात!"

पहिल्यांदा कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. मी म्हणेन वहिनी, बायको म्हणते ती. एवढं खरं की दोघी दाराच्या दोन बाजूंना होत्या त्या एका बाजूला येऊन पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

तात्यांनी मला बोलावलं. "कंपनीवाल्या, तुझं खातं. सांग. पिकलं का नाय?"

मी खाली बसलो. मूठभर खत घेतलं, दाबलं, सोडलं, चष्मा वर केला, वास घेतला. अख्खं घर माझ्याकडे बघत होतं. दादासुद्धा, आणि तो कुणाकडे बघत नाही.

"विघटन अपूर्ण," मी म्हणालो.

"मराठीत."

"कच्चं हाय, तात्या."

तात्यांनी टोकावरचं सोडण खड्ड्यात झटकलं. मग त्यांनी छत्री मिटली. तात्यांची छत्री मिटलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आत एक बारीकसा म्हातारा माणूस होता. खड्ड्याकडे बघत ते म्हणाले, "आमचा पयल्याच वर्षी पिकला व्हता रं. काळंभोर खत. भावानं अर्धं नेलं, मी अर्धं ठेवलं. दोगांचाबी भात मस्त आला." मिटलेली छत्री त्यांनी काखेत धरली. "मग पुढल्या वर्षी खड्डा भरायला मी एकटाच."

दादाने हातातलं फावडं खाली ठेवलं. मीही ठेवलं.

तात्यांनी धोतर झटकलं, छत्री पुन्हा उघडली आणि आवाज नेहमीचा केला. "चला. पुढच्या अक्षय तृतीयेला बघू. चा टाका गो. चूल कंची म्हनून विचारू नका, एकच हाय."

एक अडचण राहिली. पावसाच्या आधी शेतात घालायला खत तर हवं. दादाने आणि मी परसात दुसरा खड्डा खणला, त्यात सोडण नाही, तूस नाही, बादलीभर जास्तीचं पाणी नाही. तो दरवर्षी वेळेवर पिकतो आणि त्याचं खत सगळ्या शेतात एकत्रच जातं. वाटणी या खड्ड्याची करायची का, असं मी तात्यांना कायद्याचं म्हणून विचारून ठेवलं. तात्या म्हणाले, वाटणी निघाली त्या दिवशी जो खड्डा होता तोच मोजायचा, नंतर जन्मलेल्याला हक्क नाय.

पहिल्या खड्ड्याला आम्ही वाटणीचा खड्डा म्हणतो. तात्या दरवर्षी येतात, छत्रीचं टोक खुपसतात, "कच्चं हाय" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. मधल्या काळात त्याची देखभाल करावी लागते. परवाच सकाळी मी शिफ्टहून येऊन पडवीत बसलो होतो, तर आतून आवाज, "ताई, ठेवा ती पाटी! आज माझी पाळी हाय."

"तुझी काल व्हती गो."

"काल अवकाळी पाऊस व्हता, तो दिवस धरायचा नाय."

त्याच खड्ड्याच्या काठाला वालाचा एक वेल आला आहे. भरगच्च शेंगा धरल्यात. बायकोचं म्हणणं, हा वेल त्या दिवशीच्या बिरड्याचा. विटलेल्यातून कधी असा वेल येतो काय? वहिनीचं म्हणणं, शिजलेला दाणा उगवत नाय, हा कुठल्या तरी टरफलात राहिलेल्या दाण्याचा. दोघी पाट्या कमरेवर घेऊन पडवीत आल्या.

"भावोजी, तुमीच सांगा."

"सांगा ना हो! लॅबवाले ना तुमी?"

मी चष्मा वर केला, उठून वेलापाशी गेलो, एक शेंग हातात घेऊन उजेडात धरली, पुष्कळ वेळ बघितली.

"नमुना अपुरा आहे," म्हणालो, आणि परत येऊन कपावरची बशी उचलली.